एका मिनिटाची मोजणी

झबलं वर सरकवलं, घड्याळ गुडघ्यावर ठेवलं.
"आता कोणी बोलू नका," मी म्हटलं.
तरी मोनिका बोललीच,
"ताई, कालपासून दूध नाई ओढत.
दोन घोट घेते अन् सोडून देते."

एक. दोन. तीन.
चार महिन्यांचं पोट वर, पोट खाली.

बागेतली खोली, डिसेंबर,
कोपऱ्यात युरियाच्या रिकाम्या पोत्यांवर खुशबू,
गेल्या आठवड्यात अंगणवाडीतून शेंबूड घेऊन आलेली.
तिने भावाचा मुका घेतला असेल.
तेवढंच पुरतं.
ज्याला पाय नाहीत, तोंड नाही,
भूक म्हणावी तर तीही नाही,
ते एका ओल्या पाप्यावर बसून येतं.

अकरा. बारा.

चार दिवस ते नाकातच राहिलं असणार.
आम्ही म्हटलं, सर्दी आहे.
पेशीत शिरायचं आणि तिच्याच चुलीवर
आपल्यासारखे हजार रांधून घ्यायचे.
मग खाली, फांदीवरून डहाळीवर,
जिथे श्वासाची नळी तुरीच्या काडीहूनही बारीक होते.
तिथे केस असतात, मॅडमनी चित्र दाखवलं होतं,
दिवसरात्र घाण वर लोटणारे,
गव्हाच्या लोंब्या हलाव्यात तसे हलत.
ते झडतात.
पेशी-पेशींमधल्या भिंती पडतात,
चार घरांचं एकच मोठं, निकामी घर होतं.
आणि मदतीला धावून आलेले
त्याच अरुंद गल्लीत गर्दी करतात,
सूज त्यांचीच.

सव्वीस की सत्तावीस?
बाहेर टेम्पो आला, क्रेट आपटले.
चुकलं. पुन्हा पहिल्यापासून.

रामकिसन दारात. त्याला कसं सांगू?
त्याच्या मुठीत ड्रिपर होता, पांढऱ्या क्षाराने बुजलेला.
म्हटलं, "हेच. मोटर चालू हाये, नळीत पाणी हाये,
पण झाडापर्यंत नाई पोचत."
तो मुठीकडे बघत राहिला.
"ॲसिड सोडलं तं मोकयं होते ना?"
"याले ॲसिड नाई. तसं औषधही नाई.
वरून हवा द्या लागते, अन् वाट पाहा लागते."

एकोणीस. वीस.
आत गेलेली हवा निघत नाही,
छाती फुगलेली, तरी उपाशी.
अगदी टोकाला, जिथे हवा रक्ताला भेटते,
काही फुगे मिटून चिकटले असतील.
दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा.
कान लावला तर गवताच्या पात्याची शिट्टी.

म्हातारी म्हणाली, "डब्बा झाला त्याले.
बिब्ब्याचा चटका द्या, उतरते."
मी पोटावर हात ठेवला.
काढला नाही.

साठ सेकंद भरले तेव्हा अडुसष्ट.
पन्नासलाच मी घाबरायचं असतं.

गाडीला तास लागेल, फोनवरची बाई म्हणाली.
टेम्पोवाल्याने न सांगता क्रेट उतरवले.
मोर्शीपर्यंत त्या पोराच्या दुपट्याला
संत्र्याच्या सालीचा वास.

दवाखान्यात नाकात दोन इवल्या नळ्या,
भिंतीवरच्या बाटलीत बुडबुडे.
मी बुडबुडेच मोजायला लागले.
सिस्टर म्हणाली, ते नका मोजू, ते आमचे आहेत.

वॉर्डात एकाच बाईला थांबू देतात.
मोनिका आत. मी बाहेर, बाकावर.
रामकिसन बागेत परतला होता.
रात्री एकला थ्री-फेज आली.
नंतर त्यानेच सांगितलं,
झोप नव्हती म्हणून ओळ धरली,
मोबाइलच्या उजेडात एकेका झाडाशी वाकून
ड्रिपर काढायचा, तोंडाला लावायचा
आणि जीव खाऊन फुंकायचा.
तीन ओळी झाल्या.

पहाटे फोन मीच केला.
हॅलो म्हणायच्या आधी
त्याचा नुसता दम ऐकू आला, लागलेला.
मी सवयीने मोजायला लागले, मग थांबले.
"बावन्न," मी म्हटलं.
पलीकडे पाण्याचा आवाज.
"बावन्न," तो म्हणाला. "म्हणजे अजून दोन."